गॅस गिझर आणि शेगडीऐवजी छतावरची वीज: पंतप्रधान सूर्यघर योजनेचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस गिझर आणि स्वयंपाकासाठी गॅस शेगडी वापरणाऱ्या कुटुंबाला हा भार छतावरच्या सौर विजेवर न्यायचा असेल, तर त्यासाठी आज उपलब्ध असलेला मुख्य सरकारी मार्ग म्हणजे ‘पंतप्रधान सूर्यघर: मोफत वीज योजना’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केलेली ही योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत असून एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. अर्ज ऑनलाइन होतो आणि फारसा किचकट नाही. मात्र संचाची क्षमता ठरवताना आणि कागदपत्रांवरील नावे जुळवताना ज्या चुका होतात, त्या पुढे महिनोन्‌महिने त्रास देतात, म्हणून या दोन बाबींविषयी येथे सविस्तर लिहिले आहे.

अनुदान किती आणि कोणाला

घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये मिळतात. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये, आणि ही कमाल मर्यादा आहे. संच ५ किलोवॅटचा बसवला तरी रक्कम ७८,००० च राहते. गृहनिर्माण संस्थांना पंप, लिफ्ट, जिन्यातील दिवे अशा सामायिक सोयींसाठी ५०० किलोवॅटच्या मर्यादेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आणि दरमहा १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ ही पूरक योजनाही आहे. त्या गटात मोडणाऱ्यांनी अर्ज करण्यापूर्वी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात तिची चौकशी अवश्य करावी.

अर्जदार भारतीय नागरिक असावा, संच बसवण्याजोगे छत असलेले घर त्याच्या मालकीचे असावे, त्याच्या नावे चालू घरगुती वीजजोडणी असावी आणि सौर पॅनेलसाठी त्या घराने पूर्वी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. उत्पन्नाची अट नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्चीवर वैयक्तिक संच बसवायचा असेल, तर गच्ची सामायिक असल्याने संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते संस्थेच्या ठरावासह लेखी घेतलेले बरे, कारण व्यवस्थापकीय समिती बदलली की तोंडी संमतीला अर्थ उरत नाही.

क्षमता ठरवताना जुने बिल पुरेसे नाही

योजनेच्या संकेतस्थळावरील मार्गदर्शक तक्त्यानुसार दरमहा १५० युनिटपर्यंत वापर असल्यास १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिटला २ ते ३ किलोवॅट आणि त्यापुढे ३ किलोवॅटहून अधिक क्षमता सुचवली जाते. हा हिशेब मागील विजेच्या वापरावर केलेला आहे. गॅसवर चालणारी कामे या वापरात धरलेलीच नसतात, आणि गॅस सोडू इच्छिणारी कुटुंबे नेमकी येथे चुकतात.

२० लिटर पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर दिवसाला २ आणि महिन्याला सुमारे ६० युनिट होतात. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर होणारा स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर करायचा झाला, तर साधारणपणे १३० ते १४० युनिट लागतात. सिलिंडर चाळीस दिवस पुरत असेल तर महिन्याला सुमारे १०० युनिट झाले. आता ज्या घराचे बिल आज १२० युनिटचे आहे, त्याची खरी गरज २८० युनिटची ठरते. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. बिलाकडे पाहून १ किलोवॅटवर समाधान मानणाऱ्या या कुटुंबाला प्रत्यक्षात ३ किलोवॅटच लागणार आहेत. नंतर क्षमता वाढवायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी आणि बहुधा नवा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र), म्हणून हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

जागाही मोजून घ्यावी. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीमुक्त छत लागते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी चार अशा तीन वेळी छतावर उभे राहून पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि शेजारच्या झाडाची सावली कोठवर येते ते खडूने आखून ठेवावे. हिवाळ्यात सावल्या लांबतात, हेही लक्षात असू द्यावे. टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली, तरी साध्या जोडणीत त्या ओळीतील इतर पॅनेलचे उत्पादनही घटू शकते.

बॅटरी घ्यावी का

योजनेचे अनुदान वीजजाळ्याला जोडलेल्या सौर संचाला आहे, बॅटरीला नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारची जादा वीज जाळ्यात जाते आणि सकाळी सहाला गिझर लावल्यावर तेवढे युनिट बिलातून वजा होतात, त्यामुळे केवळ पाणी तापवण्यासाठी बॅटरीवर खर्च करण्याचे कारण नाही. शिल्लक युनिट पुढील महिन्यांत ओढले जातात आणि आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला, त्यांचा हिशेब पूर्ण होतो. एप्रिल-मेमध्ये जमलेले युनिट पावसाळ्यात उपयोगी पडतात, ही या रचनेतील मोठी सोय आहे.

मात्र वीज गेल्यावर जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपल्या छतावरची वीज जाऊ नये, म्हणून हे आवश्यकच आहे. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथे ऊन असूनही घर अंधारात राहते आणि लोकांना फसवले गेल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी हायब्रिड, म्हणजे जाळ्याबरोबर बॅटरीही जोडता येणारा इन्व्हर्टर सुरुवातीलाच निवडावा, कारण साध्या इन्व्हर्टरला नंतर बॅटरी थेट जोडता येत नाही. बॅटरीचा उपयोग दिवे, पंखे, फ्रिज यांच्यासाठी ठेवावा. २ किलोवॅटचा गिझर ५ युनिटच्या बॅटरीवर चालवला तर चौघांच्या आंघोळीतच तिचा मोठा हिस्सा संपतो. त्यापेक्षा चांगले उष्णतारोधक आवरण असलेला साठवणीचा गिझर दुपारी तापवून ठेवणे शहाणपणाचे. गरम पाण्याची टाकी हीसुद्धा एक बॅटरीच आहे, आणि सर्वांत स्वस्त.

कागदपत्रे

अलीकडचे वीजबिल, आधार, घराच्या मालकीचा पुरावा, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचे पहिले पान आणि चालू मोबाइल क्रमांक एवढे हाताशी असावे. मालकीसाठी घरपट्टीची पावती, इंडेक्स दोन किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा चालतो. कर्ज घ्यायचे असल्यास पॅन आणि उत्पन्नाचे पुरावे लागतात. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी बँका तारणाशिवाय कमी व्याजाचे कर्ज देतात आणि त्याचा अर्ज जनसमर्थ या सरकारी कर्ज पोर्टलवरून करता येतो.

ही सर्व कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून नावे अक्षरशः ताडून पाहावीत. वीजबिल अजून दिवंगत वडिलांच्या नावे, आधारवर स्वतःचे पूर्ण नाव आणि बँकेत केवळ आद्याक्षरे, असे चित्र अनेक घरांत दिसते. वीजजोडणी, अर्ज आणि बँक खाते एकाच व्यक्तीचे असल्याशिवाय अनुदान अडते. त्यामुळे वीजजोडणी दिवंगत व्यक्तीच्या नावे असल्यास मृत्यू प्रमाणपत्र, वारसांची लेखी संमती आणि मालकीचा पुरावा देऊन आधी नाव बदलून घ्यावे आणि नवे नाव छापलेले बिल हाती आल्यावरच अर्ज भरावा.

अर्जाचे टप्पे

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करावी, राज्य, जिल्हा व वीज वितरण कंपनी निवडावी आणि बिलावरील ग्राहक क्रमांक टाकावा. महावितरणचा हा क्रमांक बारा अंकी असतो. नोंदणीसाठी पैसे मागणारा कोणीही अधिकृत नाही. क्षमता भरून बिल जोडल्यावर १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर मानला जातो. २०२४ च्या सुधारित वीज ग्राहक हक्क नियमांनुसार त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागल्यास तेही काम वितरण कंपनीनेच करायचे आहे.

यानंतर पोर्टलवर नोंदणी असलेल्या पुरवठादारांपैकी एकाची निवड करावी. किमान तिघांकडून लेखी दरपत्रक मागवावे आणि त्यात पॅनेल बनवणारी कंपनी, इन्व्हर्टरचा प्रकार, सांगाड्याची उंची, अर्थिंग, आकाशातील विजेपासून बचाव करणारा तडितरोधक आणि पाच वर्षांची देखभाल या गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असणे बंधनकारक आहे, म्हणून तसे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

संच बसल्यावर त्याचा तपशील आणि छायाचित्रे पोर्टलवर चढवली जातात, नेट मीटरसाठी अर्ज होतो, वितरण कंपनीचे कर्मचारी तपासणी करून मीटर बसवतात आणि संच सुरू झाल्याचा कार्यान्वयन अहवाल निघतो. त्यानंतर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी नोंदवायची असते, आणि रक्कम साधारण महिनाभरात थेट खात्यात येते. म्हणजेच पुरवठादाराचे पैसे आधी स्वतःला किंवा कर्जातून द्यावे लागतात.

पहिल्या नेट मीटर बिलात आयात (जाळ्यातून घेतलेले) आणि निर्यात (जाळ्यात दिलेले) युनिट वेगळे छापलेले असतात. त्यांची मीटरवरील आकड्यांशी त्याच दिवशी तुलना करावी. युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावा लागतोच. एक पूर्ण हिवाळा आणि एक पावसाळा विजेवर निभावल्यानंतरच गॅसची जोडणी परत करण्याचा विचार करावा. त्यावेळी सिलिंडर, रेग्युलेटर आणि जोडणी घेताना मिळालेले मूळ व्हाउचर वितरकाकडे जमा केले की त्यावर नोंदलेली सुरक्षा ठेव परत मिळते. हे व्हाउचर अनेकांकडे जुन्या कागदांत दडलेले असते, ते आजच शोधून ठेवावे.