कणकुंबीचा पाऊस आणि दोन समुद्र

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, आणि म्हादईचा उगमही याच खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. डोंगर एक, पाऊसही एकच. पण मलप्रभा पूर्वेला तोंड करून निघते, सौंदत्ती, पट्टदकल, ऐहोळे करत कूडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. म्हादई घाट उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात शिरते.

या म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून आपल्या बेळगाव भागात कित्येक वर्षे वाद चालू आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, तरी वाद मिटला नाही. कोणाच्या वाट्याला किती यावे, याचा निवाडा इथे करायचा नाही. मलप्रभेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या नरगुंद-नवलगुंदकडच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे. पण या वादात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘एवढं पाणी समुद्रात वाया जातं.’ मला बोलायचे आहे ते त्यातल्या ‘वाया’ या शब्दाविषयी. समुद्र म्हणजे सांडपाण्याचा मोठा हौद, त्यात गेले ते गेले, अशी समजूत या शब्दामागे आहे. समुद्राचा तळ कसा आहे आणि त्यातले पाणी कसे फिरते, हे कळायला माणसाला फार काळ लागला. त्या शोधाचा बराचसा भाग आपल्या अगदी जवळ घडला आहे.

वरवरचा समुद्र दर्यावर्दींना लवकर कळला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि थंडीत ईशान्येकडून वाहतो, हे हेरून दोन हजार वर्षांपूर्वीही गलबते अरबस्तानातून आपल्या किनाऱ्याला येत होती. अरबीतला ‘मौसिम’ हा शब्द या ठरलेल्या वेळेचाच. आपण त्याचा मोसम केला. घाटावरची माणसेही या व्यवहाराबाहेर नव्हती. खानापूर तालुक्यातली हलशी ही गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी, आणि कदंबांचे वैभव गोव्याच्या बंदरांवर उभे होते. मीठ तर पिढ्यान्‌पिढ्या खालच्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून येत असे.

खोलीचा पत्ता मात्र कोणालाच नव्हता. कोकणातला मच्छीमार खोली वावांत मोजतो. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते तो एक वाव, साधारण सहा फूट. इंग्रजांचा फॅदम म्हणजेही तेच. दोरीला वजन बांधून सोडायचे आणि ओली दोरी ओढताना हाताने मोजायची. खोल समुद्रात ही दोरी पुरत नसे. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाने तर तीनशे फॅदमच्या खाली जीव नसावेत असे मांडले होते.

डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज केवळ समुद्राचा अभ्यास करण्यासाठी निघाले आणि मे १८७६ मध्ये परतले. सव्वा लाख किलोमीटरांच्या प्रवासात त्यावरच्या लोकांनी ठिकठिकाणी दोरी सोडली, तळातला चिखल वर काढला, पाण्याचे तापमान घेतले. पश्चिम प्रशांत महासागरात मार्च १८७५ मध्ये त्यांची दोरी ४,४७५ फॅदमवर, म्हणजे ८,१८४ मीटरवर टेकली. बेळगाव समुद्रसपाटीपासून जेवढे उंच आहे, त्याच्या दहापटीहून ही खोली जास्त. जाळ्यात नव्या प्राण्यांच्या हजारो जाती आल्या, त्यामुळे निर्जीव तळाची कल्पना टिकली नाही. आणि भर उष्ण कटिबंधातही खोलवरचे पाणी बर्फाइतके थंड लागले. ही थंडी कुठून येते, हा प्रश्न पुढे फार कामाचा ठरला.

त्याच १८७६ साली आणखी एक ग्रंथ छापून निघाला. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने दक्षिण मराठा मुलूख, म्हणजे बेळगाव, कलादगी, धारवाडचा हा टापू, पायाखाली घालून इथल्या खडकांचे वर्णन लिहिले. कलादगीच्या नावाने ओळखला जाणारा खडकांचा गट त्याने तपशिलाने मांडला. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याच खडकांचा. नवलतीर्थाला मलप्रभा जी खिंड फोडून जाते ती याच खडकांची, आणि घटप्रभा गोकाकला ५२ मीटर खाली उडी घेते तो कडाही. मुळात ही वाळू. दाबली गेली, भाजली गेली, गारगोटीसारखी घट्ट झाली. या पट्ट्यातल्या कित्येक शिळांवर ओहोटीनंतर पुळणीवर दिसतात तशा पाण्याच्या वळ्या अजून उमटलेल्या आहेत. पूर्वेला लोकापूरच्या बाजूच्या चुनखडीत समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले घुमटही सापडतात. हे सगळे शंभर कोटी वर्षांहून जुने. यल्लम्माच्या नावाने उदो करत माणसे जी चढण चढतात, ती एका उथळ समुद्राच्या काठची वाळू आहे. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी त्या डोंगरावर अनेकदा जाऊन आलो होतो. पुढच्या खेपेला मी देवळाच्या वाटेवर खाली वाकून दगडच पाहत राहिलो.

खरे नवल पुढेच आहे. आजच्या महासागरांच्या तळाचा जवळजवळ सगळा खडक वीस कोटी वर्षांच्या आतला आहे. म्हणजे सौंदत्तीचा डोंगर अरबी समुद्राच्या, प्रशांताच्या, कुठल्याही महासागराच्या तळापेक्षा कितीतरी पटींनी म्हातारा. समुद्र प्राचीन आणि तळ कोवळा, हे कसे?

याचे उत्तर मिळायला दोरी सोडून आवाजाकडे यावे लागले. आवाज पाण्यात सोडायचा, तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. जर्मन जहाज ‘मेटिऑर’ने १९२५ ते १९२७ मध्ये दक्षिण अटलांटिकवर या पद्धतीने ६७ हजारांवर मोजण्या केल्या. १९५० च्या दशकात अमेरिकेत मारी थार्प अशा मोजण्या कागदावर जोडत बसल्या होत्या. बाई म्हणून त्यांना संशोधन जहाजावर पाऊल ठेवू दिले जात नव्हते, तेव्हा दुसऱ्यांनी आणलेले आकडे हेच त्यांचे साहित्य. त्यांना दिसले की अटलांटिकच्या मधोमध डोंगररांग आहे आणि तिच्या माथ्यावर सलग भेग आहे. सहकाऱ्याने आधी हे बायकी बोलणे म्हणून उडवून लावले. भेग खरी निघाली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले की अशा रांगांमधून तप्त खडक वर येतो, थंड होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. जुना तळ दूरच्या खोल डोहांत परत पृथ्वीच्या पोटात जातो. तळ सतत नवा होतो तो असा.

पुरावा हवा होता. तो अरबी समुद्राने दिला, आणि ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जायला हवी असे मला मनापासून वाटते. अरबी समुद्राच्या मध्याकडे कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. १९२८ ते १९३० च्या डॅनिश मोहिमेने हे नाव दिले. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी तिथल्या तळाच्या चुंबकत्वाची मापे घेतली. थंड होणारा लाव्हा त्या वेळची पृथ्वीची चुंबकीय दिशा स्वतःत कोंडून ठेवतो, आणि ती दिशा अधूनमधून उलटते. तळ मधून बाहेर सरकत असेल तर रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे सारख्याच क्रमाने दिसायला हवेत. फ्रेड वाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये नेमके हेच मांडले. काही वर्षांत जगाने ते मान्य केले. कार्ल्सबर्ग रांग आजही वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर रुंदावते.

आपला सह्याद्रीही याच कथेत येतो. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटले आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, सेशेल्सचा तुकडा निघाला. मधे तयार झाला तो पश्चिम किनारा. चोर्ल्याला किंवा आंबोलीच्या कड्यावर उभे राहिले की जमीन एकदम खाली गेलेली दिसते. कडा झिजत झिजत आत सरकला आहे, पण त्याचे मूळ त्या तुटण्यात आहे.

‘ओवेन’ची ही मापे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा भाग होती. १९५९ ते १९६५ च्या त्या मोहिमेत भारतीय नौदलाची ‘किस्तना’ ही युद्धनौकाही होती. किस्तना म्हणजे आपली कृष्णाच. इंग्रज तिचे नाव असे लिहीत. मोहिमेतून जे उभे राहिले त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोनापावला इथे आहे, मांडवी आणि झुआरीच्या मुखांमधल्या भूशिरावर. म्हादईचे पाणी जिथे समुद्राला मिळते, त्याच्या शेजारी.

आता पाण्याच्या फिरण्याकडे. हिंदी महासागराचे वेगळेपण असे की वारा फिरला की इथले प्रवाहही फिरतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, थंडीत उत्तरेकडे. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचे थंड, खतावलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर तारली पोसते. मासेमारीबंदी उठल्यावर बेळगावच्या बाजारात येणाऱ्या टोपल्यांमागे हे सगळे असते.

मलप्रभा आणि म्हादई ज्या दोन समुद्रांना मिळतात त्यांचा स्वभावही वेगळा आहे. अरबी समुद्रातून वाफ होऊन जाणारे पाणी जास्त, त्यात येणारे गोडे पाणी कमी, म्हणून एक किलो पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी, कृष्णा येऊन पडतात. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागात मीठ तिसाच्याही खाली येते. हे गोडसर पाणी हलके, वर पसरून राहते. खालचे थंड पाणी त्यात सहज मिसळत नाही, म्हणून पृष्ठभाग २८ अंशांच्या वर उबदार राहतो. याच उबेवर कमी दाबाचे पट्टे तयार होतात. आकाशवाणीवर ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा’ ऐकले की आपण खुरपणी आवरती घेतो. त्या पट्ट्याच्या मुळाशी नद्यांनी नेऊन दिलेले पाणी आहे. त्यात कृष्णेचा वाटा लहान, आणि धरणांमुळे तो आणखी लहान झाला आहे. पण नद्यांचे पाणी तिथे पोहोचल्यावर संपत नाही, कामाला लागते.

‘चॅलेंजर’ला लागलेल्या थंडीचे उत्तरही फिरण्यातच आहे. ध्रुवांकडचे थंड, खारे, जड पाणी बुडते आणि तळाने जगभर सरकते. हिंदी महासागराच्या तळाशी असलेले पाणी मुख्यतः अंटार्क्टिकाकडून आलेले. ही फेरी पुरी व्हायला हजारेक वर्षे लागतात.

आणि मांडवी. तिच्यात भरती मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याजवळ येते. पावसाळ्यात वरून आलेला लोंढा खारे पाणी मुखाकडे ढकलतो. सोबत गाळ नेतो आणि खडकातून विरघळलेली सिलिकाही. सिलिकेवर डायाटम नावाची सूक्ष्म शेवाळे वाढतात आणि खाडीतल्या माशांची पिल्ले अखेर त्यांच्यावरच जगतात. पाऊस थांबला की समुद्र खाडीतून हळूहळू वर सरकू लागतो. भर उन्हाळ्यात तो कुठपर्यंत चढतो, हे घाटावरून त्या महिन्यांत किती पाणी खाली येते यावर ठरते. देगावच्या रानातले पाणी कमी झाले, तर खारे पाणी तेवढे अधिक आत येते.