सेल्फच्या बॅटरीचे वजन कुठून आले आणि कुठे गेले

मोटरसायकलची ९ अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे विजेच्या साठ्याचे माप) शिशाची बॅटरी साधारण ३ किलोची असते. तिच्या जागी बसणारी लिथियमची बॅटरी किलोभराच्या आत भरते. लेबलवर बहुतेक वेळा ९ हाच आकडा असतो, पण आतली खरी क्षमता ३ अँपिअर-अवरच्या आसपास असते. हा हिशेब समजायचा तर आधीचे वजन कशासाठी होते ते पाहावे लागते.

शिसे आणि आम्लाची बॅटरी गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये बनवली. अमेरिकेच्या इंडियन कंपनीने १९१४ मध्ये सेल्फची मोटरसायकल विकायला काढली, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार झेपला नाही आणि ते मॉडेल एकाच हंगामात गुंडाळले गेले. आपल्याकडे किकच्या गाड्यांना १२ व्होल्टची, जेमतेम अडीच अँपिअर-अवरची बॅटरी पुरायची. हॉर्न आणि इंडिकेटर चालले की झाले. बटण दाबून सुरू होणारी गाडी घराघरांत पोचवली ती १९८४ च्या कायनेटिक होंडाने. २००१ मध्ये पल्सर आली आणि मोटरसायकलवाल्यांनाही सेल्फची सवय लागली. बॅटऱ्या पाच ते नऊ अँपिअर-अवरच्या झाल्या.

आता गणित करू. स्टार्टर मोटरने १०० अँपिअर ओढले आणि इंजिन २ सेकंदांत सुरू झाले, तर खर्च होतो फक्त ०.०६ अँपिअर-अवर. म्हणजे सेल्फला साठा फार लागत नाही, झटका लागतो. शिशाच्या छोट्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतूनच विजेला होणारा अडथळा, जास्त. झटका मागितला की व्होल्टेज कोसळते आणि रिले, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणारा स्विच, नुसता कटकट करतो. म्हणून प्लेटा वाढवाव्या लागल्या, आणि प्लेटांबरोबर वजन.

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तो कोबाल्टचा. असे ३ सेल जोडले तर ११.१ व्होल्ट, ४ जोडले तर पूर्ण भरल्यावर १६.८. गाडीच्या चार्जिंगशी दोन्ही जुळत नाहीत. अक्षय पाधी, जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून लिथियम आयर्न फॉस्फेटवरचे संशोधन प्रसिद्ध केले, तिथे गाठ सुटली. हा सेल ३.२ व्होल्टचा, चार मिळून १२.८. शिवाय फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापल्यावर पेट घेण्याचा धोका कोबाल्टपेक्षा बराच कमी. या पदार्थातून वीज नीट वाहत नव्हती, ती अडचण कार्बनचा थर आणि बारीक कणांनी दूर झाली. अशा छोट्या सेलमधून मोठा झटका मिळू लागला, आणि ३ ची बॅटरी ९ ची जागा घेऊ लागली.

ही बरोबरी फक्त झटक्याची आहे, साठ्याची नाही. आमच्या मते निवड करताना सगळ्यात जास्त चुकते ते इथेच. मुंबईला नोकरी आणि गाडी नाशिकच्या पार्किंगमध्ये, असे कितीतरी जणांचे असते. जीपीएस ट्रॅकर १० मिलीअँपिअर खात असेल तर ९ ची शिशाची बॅटरी ३७ दिवसांत संपते, ३ ची लिथियम साडेबारा दिवसांत. २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांमुळे कार्ब्युरेटरच्या जागी इंधनाचे इंजेक्शन आले, बऱ्याच गाड्यांची किक गेली. बॅटरी पूर्ण उतरली तर इंधनाचा पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) चालत नाहीत, धक्का मारूनही उपयोग नाही. लिथियम फार खोलवर उतरली तर सेलमधले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी परत वापरू नये. गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे.

मीटरवरही फसगत होते. उभ्या गाडीत १२.८ व्होल्ट म्हणजे शिशाची बॅटरी भरलेली. लिथियमची मात्र जवळपास रिकामी. तिची भरलेली खूण १३.३ च्या आसपास.

लिथियम घेण्याआधी रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग, तपासा: इंजिन ५,००० आरपीएमवर ठेवून टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १४.६ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला, नाहीतर बॅटरीतले संरक्षक सर्किट तिला तोडेल आणि बेलगाम व्होल्टेज थेट ईसीयूवर जाईल. डिसल्फेशन मोड (शिशाच्या प्लेटांवरचा सल्फेटचा थर काढण्याची सोय) असलेला जुना चार्जर लावू नये. तो १५ च्या वर चढतो.

जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. तेव्हा पहिला सेल्फ मंद बसतो, कारण थंडीत लिथियमचा रोध वाढतो. बॅटरी खराब झाली असे समजू नका. इंजिन बंद असताना हेडलाइट लागत असेल तर मिनिटभर लावून ठेवा. नसेल तर एकदा छोटा सेल्फ मारून अर्धा मिनिट थांबा. आतून थोडी तापली की दुसऱ्या वेळी उचलते.