पोराची कमाई कुणाची? घरखर्चाच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

बारावीतला मुलगा सुट्टीत दुकानात बसतो, महिन्याला चार-पाच हजार कमावतो. त्यातून लाइट बिल भरायला त्याला सांगावं का? ‘आमच्या वेळी सगळा पगार आईच्या हातात जायचा’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘मुलांना वाढवणं ही आईबापांचीच जबाबदारी’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असा हा वाद असतो. पण मुलाला ‘सांगावं का’ असं विचारण्याची वेळ घराघरांवर आली ती फार अलीकडे. त्याआधी कमावत्या पोराचा पैसा त्याचा असतो, हेच मुळात कुणी मानत नव्हतं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा आणि दास या तिघांना ‘अधन’, म्हणजे स्वतःचं धन नसलेले, म्हटलं आहे. ते जे काही मिळवतील ते, ज्याच्या ताब्यात ते असतील त्याचं धन: ‘यत्ते समधिगच्छन्ति यस्य ते तस्य तद्धनम्’. गंमत म्हणजे त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात विद्येच्या बळावर मिळवलेलं धन ज्याचं त्याचंच राहील, असंही सांगितलं आहे. या दोन टोकांचा मेळ घालताना पुढच्या टीकाकारांची पुष्कळ शाई खर्ची पडली. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिचं सूत्र असं की, घरच्या पैशाला धक्का न लावता मिळवलेलं तेवढं स्वतःचं. शिकायला घरातून खर्च झाला असेल, तर त्या शिक्षणावरची कमाई घराची. म्हणजे शाळेची फी बापाने भरली की पगारावर घराचा हक्क बसला.

ही केवळ पोथीतली चर्चा नव्हती. इंग्रजी अमलात न्यायालयांनी हेच सूत्र चालवलं. १९२१ साली गोकुळचंद विरुद्ध हुकूमचंद या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं अपिलाचं शेवटचं न्यायालय) आयसीएस, म्हणजे वरिष्ठ सरकारी अधिकारी, झालेल्या माणसाची मिळकतही एकत्र कुटुंबाची ठरवली, कारण त्याच्या शिक्षणाला कुटुंबाचा पैसा लागला होता. सुशिक्षित नोकरदारांमध्ये अस्वस्थता पसरली ती यामुळे. अखेर बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी विधेयक पुढे नेलं आणि १९३० साली हिंदू विद्याधन कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुणीही केलेला असो, त्या शिक्षणावरची कमाई ज्याची त्याची. आजच्या एखाद्या मुलाने ‘माझा पगार माझा’ म्हटलं की घरातले त्याला आगाऊ म्हणतात, पण हिंदू घरांपुरता तो ‘माझा’ शब्द कायद्यात यायला १९३० साल उजाडावं लागलं.

कायद्याची ही लढाई वकील-प्राध्यापकांच्या घरांतली. मुंबईच्या गिरणगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, वेगळंच चाललं होतं. तिथे पोरांचा पगार कुणाचा, यावर वाद घालायला कुणाला वेळ नव्हता. तो घरात यायचा आणि त्याच दिवशी संपायचा.

मुंबईत सूतगिरण्या सुरू झाल्या त्या १८५० च्या दशकात. सूतकताईच्या खात्यात सूत गुंडाळून भरलेल्या बॉबिनी (रिळं) काढून रिकाम्या चढवायचं काम लहान, चपळ हातांचं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही सवलत होती, हे आज वाचताना दोनदा थांबावं लागतं. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं आणि चौदापर्यंतच्या मुलांना सात तास ठरले. १९२२ मध्ये किमान वय बारा, आणि बारा ते पंधराच्या मुलांना सहा तास. दरम्यान १८८४ साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी अशी होती की, पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. जिथे मोठ्यांचाच पगार इतका उशिरा हातात पडायचा आणि वाण्याची उधारी चढत राहायची, तिथे पोराच्या चार रुपयांना नको कोण म्हणणार?

त्यामुळे या कायद्यांमधून पळवाटा काढण्यात मालकांइतकेच आईबापही पुढे होते. जन्मदाखले नसत. दात आणि अंगापिंडावरून डॉक्टर वय ठरवायचा. साहजिकच नऊ वर्षांचं पोर बारा वर्षांचं म्हणून रांगेत उभं राहायचं. अर्ध्या दिवसाच्या मुलाला सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसरीत पाठवायचा प्रकार तर इतका वाढला की १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलाच्या पालकालाच दंड करायची तरतूद केली. आईबाप क्रूर होते म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. एका पगारात चूल पेटत नव्हती, एवढंच. पण पोराच्या मजुरीच्या वाटणीत कायद्याने पालकाला प्रथमच आरोपीच्या जागी उभं केलं, ही गोष्ट छोटी नाही. सात वर्षांनी, १९३३ मध्ये आलेला कायदा आणखी पुढे गेला: पैसे उचलून पंधरा वर्षांखालच्या मुलाची मजुरी गहाण टाकणारा करार रद्दबातल, आणि असा करार करणाऱ्या बापाला पन्नास रुपयांपर्यंत दंड.

कोकणातून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची गोष्ट वेगळी. ती खोलीत दहा-पंधराजणांत राहायची, खाणावळीत जेवायची, बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, मिळेल त्या पाळीला उभी राहायची. त्यांचा घरखर्च रत्नागिरीच्या गावी. टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली आणि ही नाळ पक्की झाली. मनिऑर्डरच्या फॉर्मखाली निरोपाची छोटी जागा असायची. तिच्यात ‘सावकाराला इतके द्या, बाकीचे घरात वापरा’ इतकंच मावायचं. पोरगा स्वतः काय खातो, हे त्यात लिहायची पद्धत नव्हती.

पांढरपेशांच्या घरांत याच काळात हिशोब उलटा फिरवलेला दिसतो. १८७९ साली वडील गेले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे, थोरले भाऊ गोविंदराव अठराचे. गोविंदरावांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचं घर. एकाच्या कमाईवर दुसऱ्याने शिकायचं, हा सौदा कितीतरी मराठी घरांनी केला. नामदार झाले ते धाकटे, म्हणून त्यांच्यावर चरित्रं आली. गोविंदरावांच्या वाट्याला त्यातली दोन-चार वाक्यं. ज्या घरात तेवढाही आधार नसे तिथला मुलगा शहरात वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी, जेवायचा. तो घरी पैसे पाठवत नसे, पण घरातलं एक तोंड कमी करायचा, आणि गरीब घरात ती कमाईच धरली जाई. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मोठ्या परीक्षा दिलेला मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा सोड, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी लोकांसाठी वेळ घालवणार, असा त्याचा आशय. हे आधी आईला कळवावं लागलं, यातच त्या काळच्या घराची अपेक्षा किती गृहीत होती ते दिसतं.

तिसरा मार्ग सातारा जिल्ह्यातला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत कल्पक. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. मुलं शेतात राबायची, माती खणायची, पाळीपाळीने स्वयंपाक करायची. ‘कमवा आणि शिका’ हे नुसतं घोषवाक्य नव्हतं, मेसचा खर्च भागवायची ती रीत होती. इथे पोराचं कष्ट ना बापाचं ना मालकाचं. ते त्याच्याच जेवणात आणि फीमध्ये जिरायचं. घरखर्चाला हातभार नाही, पण घरावर भारही नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावात जुनं चक्र पुन्हा फिरलं. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर. महिन्यामागून महिने पगार नाही. बायकांनी खानावळी वाढवल्या, पापड लाटले, धुणीभांडी धरली. दहावी-बारावीतली मुलं पेपरची लाइन टाकू लागली, कारखान्यांत हेल्पर म्हणून चिकटली. अनेकांची शाळा तिथेच सुटली. ‘आम्ही नाही का घर चालवलं?’ हा आजच्या पन्नाशी-साठीतल्या कितीतरी मुंबईकरांचा सवाल तिथून येतो. तो खराच आहे. फक्त त्या वेळी त्यांना कुणी पर्याय दिला नव्हता, हे सांगायचं राहून जातं. मुलींना तर संप नसतानाही पर्याय नव्हता. कमावत्या थोरल्या मुलीचं लग्न धाकट्यांच्या शिक्षणासाठी लांबवलेली घरं प्रत्येक चाळीत होती, पण त्या त्यागाचा हिशोब कुणी मांडला नाही.

आता कायदा बहुतेक ठिकाणी मुलाच्या बाजूने आहे. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखाली काम बंद (शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत आणि बालकलाकार हे अपवाद) आणि चौदा ते अठरापर्यंत धोक्याची कामं बंद. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा देण्याचा मार्ग मोकळा केला. आयकरात अल्पवयीन मुलाचं व्याजासारखं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरतात, पण त्याने अंगमेहनतीने वा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेलं त्याचंच मानतात. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायला लावणाऱ्या २००७ च्या कायद्यानेही ‘अपत्ये’ या व्याख्येतून अल्पवयीनांना वगळलं आहे. अठराच्या आतल्या मुलाने लाइट बिल भरावं, असं त्याला कुठलाच कायदा सांगत नाही. बालकलाकारांच्या बाबतीत तर २०१७ च्या नियमांनी आकडाच घालून दिला: मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत, सज्ञान झाल्यावर त्याला मिळणार. उरलेल्या ८० टक्क्यांबद्दल नियम गप्प.

हे सगळं लागू होतं ते पोराचा पगार वेगळा मोजला जातो तिथे. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात निघणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्यांत तसं होत नाही. तिथे हिशोब कोयत्याचा, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावावर घेतली जाते, फिटते ती तोडलेल्या टनांवर. पंधरा वर्षांची पोर मोळ्या बांधते, नाहीतर कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) भाकरी थापून धाकट्याला सांभाळते, म्हणून आईचे हात उसाच्या फडात मोकळे राहतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिच्या नावाचा रकाना नसतो.