खुराक (कुस्ती)

कुस्तीगीराने अंग भरण्यासाठी आणि ताकद टिकवण्यासाठी रोजच्या जेवणाला जोडून घेतलेला ठरावीक पौष्टिक आहार म्हणजे खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी आणि मटण हे त्याचे मुख्य घटक होत. महाराष्ट्रात हा शब्द कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पुणे या भागांतील तालमींमध्ये विशेष रुळलेला आहे. तालमीत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात आणि वस्ताद (तालमीतले गुरू) पठ्ठ्याचा, म्हणजे शिष्याचा, खुराक ठरवतात तो त्याची मेहनत पाहूनच. मेहनत वाढली की दूध वाढते. दुखापतीमुळे पठ्ठा हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात) उतरेनासा झाला की तूप आणि थंडाई कमी होते. स्नायू वाढवणे आणि चरबी आटोक्यात ठेवणे ही दोन्ही कामे या एकाच हिशोबावर चालत आली आहेत.

तालमीचा दिवस पहाटे चार-साडेचारला सुरू होतो. धावणे, जोर, बैठका, सपाट्या आणि दोर चढणे झाल्यावर पठ्ठे लाल मातीच्या हौद्यात लढतीला उतरतात. ही माती ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळून मऊ राखलेली असते. खोऱ्याने हौदा उकरणे हाही मेहनतीचाच भाग समजला जातो. दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत असा क्रम असतो. नुसत्या जोर-बैठका काढून स्नायू एका मर्यादेपर्यंतच वाढतात. शेकड्यांनी बैठका निघू लागल्या की त्या दमसास वाढवतात, मांडीचा घेर फारसा वाढवत नाहीत. स्नायूंवरचा भार टप्प्याटप्प्याने वाढत गेला तरच ते जाड होतात. तालमीत हा भार दगडी नाल (उचलायचे दगडी वजन), संतोला (उचलायचा लाकडी ओंडका), गदा, खांद्यावर घेतलेला जोडीदार आणि मुख्यतः समोरचा पैलवान यांच्याकडून मिळतो. ऐंशी-नव्वद किलोचा जिवंत, विरोध करणारा देह रोज उचलण्याइतका भारी व्यायाम क्वचितच असेल.

खुराकात सर्वांत जास्त निगुती थंडाईला लागते. रात्री भिजत घातलेले बदाम सकाळी सोलतात आणि खसखस, बडीशेप, वेलदोडे, काळी मिरी व मगज (सोललेल्या बिया) यांच्यासह दगडी कुंडीत लाकडी दांड्याने घोटतात. घोटणारा पठ्ठा कुंडी दोन्ही पायांच्या तळव्यांमध्ये घट्ट धरून बसतो आणि दांडा गोल फिरवत राहतो; गोळा लोण्यासारखा गुळगुळीत होईपर्यंत थोडेथोडे पाणी किंवा दूध घालतात. बोटांत धरल्यावर कण लागला तर वस्ताद पुन्हा घोटायला बसवतात. हे काम मनगटाला आणि खांद्याला चांगलेच लागते, त्यामुळे थंडाई पोटात जाण्याआधीच थोडी मेहनत करून घेते असे म्हणायला हरकत नाही. दुधाची तऱ्हा वेगळी. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ, धारोष्ण दूध ग्लासात देतात. पैलवानांइतकीच इतरांचीही तिथे गर्दी असते. मात्र आरोग्याच्या दृष्टीने दूध तापवून पिणे केव्हाही बरे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे रोग होऊ शकतात.

उत्तरेकडील अनेक आखाड्यांत शाकाहार पाळतात. कोल्हापूरकडच्या तालमींत मटणाला मान आहे, पण पैलवानाच्या ताटातले मटण तांबड्या रश्श्याच्या झणझणीतपणापासून दूर असते. तिखट बेताचेच घालून शिजवलेले मटण आणि त्याचे अळणी पाणी, सोबत ज्वारीची भाकरी, असा साधा प्रकार असतो. जुन्या नामांकित मल्लांच्या खुराकाविषयी शेरांनी आणि मणांनी आकडे सांगितले जातात. ऐकायला ते गोड असले तरी सांगणाऱ्यागणिक वाढत गेलेले असल्याने ते प्रमाण धरता येत नाहीत.

आजच्या आहारशास्त्राच्या मापाने पाहिले तर या खुराकाची बाजू बरीच भक्कम ठरते. बैठ्या माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. स्नायू वाढवू पाहणाऱ्या व्यायामपटूला सुमारे १.६ ग्रॅम लागतात. म्हणजे ९० किलोच्या पैलवानाची गरज १४४ ग्रॅमच्या आसपास येते. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण ३५ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम बदामांत सुमारे २१ ग्रॅम आणि पाव किलो मटणात ५० ग्रॅमच्या आसपास. दोन लिटर दूध, तेवढे बदाम आणि तेवढे मटण यांची बेरीज भाकरी-डाळ न धरताच गरजेइतकी भरते. अडचण प्रथिनांची नाही, ऊर्जेची आहे. त्याच दोन लिटर दुधातून १,८०० ते २,००० किलोकॅलरी, बदामांतून ५८० आणि १०० ग्रॅम तुपातून सुमारे ९०० किलोकॅलरी मिळतात, आणि तुपात प्रथिने जवळजवळ नसतातच. तूप अंगाला लागते या समजुतीत तथ्य आहे, पण दिवसात दोन वेळची मेहनत नसेल तर ते स्नायूंना न लागता पोटाला लागते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. त्यामुळे रोज ५०० किलोकॅलरी जास्तीच्या गेल्या तर दोन-अडीच आठवड्यांत किलोभर वजन चढू शकते.

एवढा खुराक घरच्या शेतीवर सहज पेलत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) मल्लांना आश्रय दिला, तालमी उभारल्या आणि कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले. ते १९१२ मध्ये खुले झाले. दरबारी मल्लाच्या खुराकाची तजवीज संस्थानातून होत असे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर हा आधार संपला. पुढे काही सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन त्याची थोडी भरपाई केली. खेड्यातून तालमीत राहायला आलेल्या मुलासाठी घरून येणारे तूप आणि बाप विकत असलेले दूध यांवरच पुष्कळदा सगळा हिशोब चालतो. गोठ्यात दुभती म्हैस आहे की नाही, यावर मुलाची कुस्ती ठरल्याची उदाहरणे या भागात घरोघर ऐकायला मिळतात.

मातीतल्या निकाली कुस्तीत वजनगट नव्हते. जोड अंगलट पाहून लावत आणि कुस्ती चितपट होईपर्यंत चाले, त्यामुळे अंगावर वजन असणे फायद्याचे होते. महाराष्ट्र केसरी किताबाचा गटही ८६ ते १२५ किलो असा भारी असल्याने ही ओढ अजून टिकून आहे. गादीवर (मॅटवर) होणाऱ्या, वजनगटांच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीने मात्र खुराकाला उलटा प्रश्न विचारला: ताकद न गमावता वजन कसे उतरवायचे? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच ५७ किलो गटात अमन सेहरावत याने कांस्यपदक जिंकले. त्या लढतीआधी त्याने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवल्याच्या बातम्या आल्या होत्या. अशा रातोरात उतरवलेल्या वजनात चरबी नाममात्रच असते. घाम काढून, पाणी तोडून आणि वाफ घेऊन घालवलेले ते मुख्यतः पाणी असते आणि त्याचा ताण हृदय व मूत्रपिंड यांवर येतो. २०१८ पासून स्पर्धेच्या दिवशी सकाळीच वजन घेण्याचा नियम आल्यावर पाणी तोडून पुन्हा भरून काढायला मिळणारा वेळ पुष्कळ घटला.

चरबी उतरवण्याची सरळ रीत संथ आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढी घट स्नायूंना झेपते. आधी तूप जाते, मग थंडाईतले बदाम निम्म्यावर येतात, म्हशीच्या दुधाच्या जागी गाईचे किंवा साय काढलेले दूध येते; अंडी, डाळी आणि मटण मात्र राखतात, कारण कमी खाण्याच्या काळात प्रथिने तोडली तर शरीर स्नायूंनाच हात घालते. भार उचलण्याचा व्यायामही या काळात बंद करून चालत नाही. व्यायामशाळांत शरीरसौष्ठवपटू ज्याला ‘कटिंग’ म्हणतात ते हेच, आणि त्याआधीचे ‘बल्किंग’ म्हणजे वस्तादांच्या भाषेत अंग भरणे.

आता बऱ्याच तालमींत दगडी कुंडीशेजारी प्रथिनांच्या पावडरीचा डबा दिसतो. ही पावडर बहुतेक वेळा दुधाच्या निवळीपासूनच केलेली असते, तेव्हा तिला परकी मानण्याचे कारण नाही; भेसळीची आणि छुप्या उत्तेजकांची शंका मात्र रास्त आहे. त्याहून गंभीर प्रकार ताकदीच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा आहे. त्यांतील काही रक्तदाब वाढवणारी असून शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची असतात, आणि त्यांची बेकायदा विक्री केल्याबद्दल महाराष्ट्रात पोलिसी कारवायाही झाल्या आहेत.

कुस्ती सोडलेल्या मल्लाचा खुराक कसा उतरवावा, याकडे तालमीत सहसा कोणी लक्ष देत नाही. पंचविशीत दोन हजार बैठका पेललेले गुडघे चाळिशीत कुरकुरू लागतात, मेहनत सुटते आणि भूक तेवढीच राहते. मैदानावर फेटा बांधून पंचगिरी करणाऱ्या जुन्या मल्लांची सुटलेली पोटे हा त्याचा उघड परिणाम आहे. अशा वेळी तूप आणि थंडाई आधी बंद करून, दूध अर्ध्या लिटरवर आणून, रोजचे चालणे आणि झेपतील तेवढे जोर चालू ठेवावेत, असा सल्ला आहारतज्ज्ञ देतात.