नाव आणि साइज जुळली म्हणजे फाइल तीच?

"सेटअप फाइलचं नाव आणि साइज जुळली की सॉफ्टवेअर अस्सल." जळगाव-भुसावळकडे हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. तसं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही.

नोटपॅडमध्ये 'भरीत' लिहून सेव्ह करा. दुसऱ्या फाइलीत 'भरित', ऱ्हस्व. साइज बाइटला बाइट तीच. आता सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने दोन्हींचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढा: ६४ अंक-अक्षरांच्या दोन ओळी, एकीचा दुसरीशी मेळ नाही. फाइलीचं नाव बदलून पाहा, हॅश हलत नाही. तो फक्त आतल्या मजकुरावरून निघतो.

म्हणून पेनड्राइव्हवरून आलेल्या सेटअपचा हॅश बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटवरच्या हॅशशी ताडा. जुळला तर फाइल तीच. नाही जुळला तर लगेच व्हायरस समजू नका, आवृत्ती वेगळी असेल. पण उलगडा होईपर्यंत इन्स्टॉल मात्र करू नका.