शेडरमधलं व्हेरिएबल सापडत का नाही: नाव आणि नंबरची पार्श्वभूमी

नांदेडला ग्राफिक्स शिकणाऱ्या पोरांना मी अधूनमधून मदत करतो. त्यांची पहिली मोठी अडचण बहुतेक वेळा एकच असते. शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, 'टाइम' नावाचा युनिफॉर्म (मुख्य प्रोग्राममधून किंमत घेणारं व्हेरिएबल) लिहिला, मुख्य प्रोग्राममधून त्याचं लोकेशन, म्हणजे जागेचा नंबर, मागितलं आणि हाती आलं उणे एक, म्हणजे 'सापडलं नाही'. स्पेलिंग बरोबर, शेडर कंपाइल झालेला, एरर कुठंच नाही. पोरगं रात्रभर शोधत बसतं. हे असं का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीला नावं नव्हतीच. २००० साली मायक्रोसॉफ्टची ग्राफिक्स लायब्ररी डायरेक्ट-थ्रीडी ८ आली आणि २००१ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स ३ हे ग्राफिक्स कार्ड. तेव्हाचा व्हर्टेक्स शेडर (आकृतीच्या कोपऱ्यांच्या जागा काढणारा) असेम्ब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहायचा. बाहेरून माहिती द्यायला किमान ९६ कॉन्स्टंट रजिस्टर (नंबर दिलेले कप्पे) मिळायचे, सी० पासून सी९५ पर्यंत, प्रत्येकात चार आकडे. एका मॅट्रिक्सलाच (आकड्यांच्या चार बाय चार तक्त्याला) चार रजिस्टर लागायचे. प्रकाशाची दिशा कितव्यात आणि रंग कितव्यात, हा हिशेब प्रोग्रामरनं स्वतः सांभाळायचा. मध्येच एक गोष्ट वाढवली की पुढचे नंबर सरकायचे आणि शेडर व प्रोग्राम, दोन्हीकडं दुरुस्ती करावी लागायची.

सिनेमावाल्यांकडं नावं आधीपासून होती. पिक्सारच्या रेंडरमॅन या चित्र काढणाऱ्या प्रणालीत १९८८ पासूनच शेडरला माहिती नावानं देता येत होती. पण तिथं एकेका चित्राला खूप वेळ द्यायची तयारी होती, त्यात नाव शोधायला लागणारा वेळ कुठल्या कुठं जिरायचा. खेळात सेकंदाला साठ चित्रं काढायची असतात.

२००२ च्या सुमारास एनव्हिडियाची सीजी आणि मायक्रोसॉफ्टची एचएलएसएल या शेडर लिहायच्या भाषा आल्या, आणि २००४ मध्ये ओपनजीएल २.० या ग्राफिक्सच्या खुल्या मानकासोबत त्याची भाषा जीएलएसएल. आता व्हेरिएबलला नाव द्यायचं आणि जागा कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला मजकूर मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामनं, ठरवायची. ओपनजीएलनं इथं वेगळी वाट धरली. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्यांच्याच लायब्ररीत होता, तर जीएलएसएलचा कंपायलर कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, गेला. म्हणजे कंपनी बदलली की कंपायलर बदलला, आणि नंबरही बदलू शकतो. म्हणून लिंक झाल्यावर, म्हणजे शेडरचे भाग जोडून एक प्रोग्राम झाल्यावर, ड्रायव्हरलाच विचारायचं, 'अमुक नावाचा युनिफॉर्म कुठं ठेवलास?' हेच ते गेट-युनिफॉर्म-लोकेशन नावाचं फंक्शन.

आमच्याकडच्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. घरात आपण 'पांदीचं वावर', 'विहिरीवरचं वावर' म्हणतो, पण तलाठ्याकडं गेलं की गट नंबर सांगावा लागतो. नंबर एकदा विचारून लिहून ठेवायचा, रोज खेटे घालायचे नाहीत. तसंच लोकेशन लिंक झाल्यावर एकदा मागायचं आणि जपून ठेवायचं, दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, मागायचं नाही. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना आकडा सांगून भागत नव्हतं. शेडर पुन्हा लिंक केला की जुनं लोकेशनही तसंच भरवशाचं राहत नाही, ते नव्यानं विचारावं लागतं.

आता उणे एक. व्हेरिएबल नुसतं जाहीर करून उपयोग नाही, त्याचा शेवटच्या चित्रावर परिणाम व्हायला हवा. तो होत नाही असं दिसलं की कंपायलर ते काढून टाकतो. नाव शेडरच्या मजकुरात दिसतं, लिंक झालेल्या प्रोग्राममध्ये मात्र ते नसतं. व्हर्टेक्स शेडरमध्ये वापरून काढलेली किंमत फ्रॅगमेंट शेडरनं (रंग ठरवणाऱ्या पुढच्या टप्प्यानं) घेतलीच नाही, तरी तेच होऊ शकतं. अशा वेळी लोकेशन उणे एक येतं आणि उणे एकवर किंमत पाठवली तर ओपनजीएल ती गुपचूप सोडून देतं. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. एक ड्रायव्हर व्हेरिएबल काढतो, दुसरा ठेवतो. तेवढ्यावरून चालता प्रोग्राम बंद पडायला नको. पण स्पेलिंग चुकलं तरी उत्तर तेच, उणे एक. शिकणाऱ्याला या शांततेचा फार त्रास होतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पुढं गाडी पुन्हा नंबराकडं वळली, पण या वेळी नंबर शेडरमध्येच लिहायची सोय झाली. २००९ च्या ओपनजीएल ३.१ नं अनेक युनिफॉर्म एका बफरमध्ये (मेमरीच्या एका तुकड्यात) एकत्र ठेवायची पद्धत आणली. २०१० च्या ३.३ मध्ये व्हर्टेक्सच्या इनपुटला शेडरमध्येच लोकेशन देता येऊ लागलं. युनिफॉर्मला ही सोय मिळायला २०१२ चं ४.३ उजाडावं लागलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या वल्कन या नव्या ग्राफिक्स मानकात शेडर स्पर-व्ही या बायनरी रूपात जातो. बफर आणि टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं) तिथं सेट व बाइंडिंग या नंबरांनी जोडतात. व्हेरिएबलची नावं डीबगिंगपुरती, म्हणजे चुका शोधण्यापुरती, पुसून टाकली तरी काम अडत नाही. ब्राउझरसाठीच्या वेबजीपीयूनंही ग्रुप आणि बाइंडिंगचे नंबरच घेतले.

आमची पोरं मात्र वेबजीएलवर, म्हणजे ओपनजीएलच्या ब्राउझरमधल्या रूपावर, शिकतात, कारण मशीनवर वेगळं काही टाकावं लागत नाही, ब्राउझर पुरतो. वेबजीएलच्या दोन्ही आवृत्त्यांत युनिफॉर्मला शेडरमध्ये नंबर देता येत नाही, नावानंच विचारावं लागतं. तिथं उणे एकऐवजी नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो आणि नलवर पाठवलेली किंमत तशीच गुपचूप सोडली जाते. म्हणून मी त्यांना लिंक झाल्या झाल्या गेट-ॲक्टिव्ह-युनिफॉर्म वापरून जिवंत युनिफॉर्मची यादी छापायला सांगतो. ॲरे (एका नावाखाली अनेक किमतींची रांग) असेल तर तिच्या नावापुढं चौकटी कंसात शून्य दिसतो, त्यानं गडबडायचं नाही. 'टाइम' त्या यादीत नसेल, तर स्पेलिंग तपासायचं आणि मग शेडरमध्ये तो खरोखर कुठं वापरलाय ते बघायचं.