गोल्फचा कारभार एका क्लबाच्या हाती नाही

परवा साताऱ्यात, राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खाताना जुनंच वाक्य पुन्हा कानावर आलं : "गोल्फचे नियम स्कॉटलंडच्या एका क्लबातले म्हातारे ठरवतात." एकेकाळी हे बरंचसं खरं होतं, म्हणूनच ते अजून टिकून आहे.

तो क्लब म्हणजे सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट, स्थापना १७५४. पण २००४ मध्ये कारभार क्लबापासून वेगळा काढून 'आर अँड ए' ही स्वतंत्र संस्था केली. क्लबाने स्त्रियांना सभासदत्व द्यायचं ठरवलं ते तर थेट २०१४ मध्ये! (तेव्हा कारभार वेगळा काढला ते बरंच झालं.)

शिवाय अमेरिका आणि मेक्सिको आर अँड एच्या अखत्यारीत येतच नाहीत, तिथे अमेरिकेची गोल्फ संघटना, यूएसजीए. नियमावली दोघी मिळून काढतात, १९५२ पासून. तरी चेंडूच्या व्यासावर एकमत होईना. अमेरिकेत १.६८ इंचांचा, बाकीकडे १.६२ चालायचा. फरक दीड मिलिमीटरचा, पण वाऱ्यात लहान चेंडू सरळ जायचा. तो नियमातून कायमचा बाद व्हायला १९९० उजाडलं.

ऑलिंपिकचं खातं तिसरीकडेच : स्वित्झर्लंडमधल्या लोझानची 'आंतरराष्ट्रीय गोल्फ महासंघ' ही संस्था, स्थापना १९५८. देशोदेशीच्या गोल्फ संघटना तिच्या सभासद. २०१६ ला रिओत गोल्फ परतलं ते हिच्यामार्फत. नियम मात्र ती करत नाही. आणि तिच्या मंडळावर आर अँड ए, यूएसजीए दोघीही आहेतच, व्यावसायिक स्पर्धामालिका (टूर) चालवणाऱ्यांच्या शेजारी.